चंद्रीचे पाय

आईचा फोन रात्री येतो. मेंढरं वाघरीत गेली, भाकरी झाल्या, की मग. मागच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो भर दुपारी आला. मी सांगलीत होस्टेलवर होते. डी. फार्म.ची परीक्षा संपून चार दिवस झाले होते आणि घरी जायचं म्हणजे नक्की कुठे जायचं हे ठरत नव्हतं, कारण आमचं घर तेव्हा वाळवा तालुक्यातल्या उसाच्या रानांत होतं आणि दर चार-पाच दिवसांनी हलत होतं.

"आगं, चंद्री पाय टेकंना झालीया," आई म्हणाली. "मागचं दोन्ही पाय नासल्यात. तू औषधाचं शिकतीयास न्हवं?"

आम्ही माण तालुक्यातले धनगर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर टाकून कृष्णाकाठाला उतरायचं, ऊसतोड झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत द्यायचं, त्यानं धान्य किंवा पैसे द्यायचे आणि मृगाच्या तोंडावर परत गावाकडं फिरायचं. होस्टेलच्या मुलींना मी शेतकऱ्याची पोर आहे एवढंच माहीत होतं. घोडी आहे म्हटलं की एक तर "वॉव, राइड देशील?" असं तरी विचारतात, नाही तर वरातीचा विनोद करतात. दोन्ही टाळायला मी घोडीच गाळली होती.

मेंढरं बाप्यांची आणि घोडी बायांची, ही आमच्यातली वाटणी. आप्पा आणि भाऊ पहाटे मेंढरं घेऊन पुढं जातात. मागं राहिलेलं सगळं आई उचलते. पाल, भांडी, पिठाचा डबा, उलटी टाकलेली बाज, कोंबड्यांची डालगी, आठवड्यात जन्मलेली कोकरं, हे सगळं खोगिरावर रचून, तंग आवळून, ती चंद्रीची म्होरकी धरून चालायला लागते आणि मेंढरांच्या आधी नव्या मुक्कामाला पोचून चूल मांडते. लहानपणी मीही त्या ढिगावर बसून गेलेय. म्हणजे घोडी थांबली की घर थांबतं.

चंद्री तांबडी आहे, कपाळावर पांढरा ठिपका, मागचे दोन्ही पाय खुरापासून वीतभर पांढरे. आप्पांनी ती स्वस्तात घेतली, कारण तिच्या मानेवरचा भोवरा जाणकारांना पसंत नव्हता. आमच्याकडं घोडं घेताना भोवरे असे तपासतात की पत्रिका बघणारा लाजेल. दात बघतात, चाल बघतात. टाच उचलून मागचा खळगा मात्र कुणी बघत नाही. पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते आणि तीच उन्हाला आणि चिखलाला आधी हार मानते, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पोचले तेव्हा पाऊस थांबलेला होता, पण रान थांबलेलं नव्हतं. पाऊल टाकलं की चप्पल चिखलात राहायची. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला. एरवी तो तिथं ११ जूनच्या आसपास येतो. त्याआधीचा पंधरवडाही वळवानं झोडपलेला. बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटल्याचे व्हिडिओ आमच्या भावकीच्या ग्रुपवर फिरत होते. माणदेशात टँकरची वाट बघण्याच्या दिवसांत ओढे वाहत होते. आमची माणसं मृगाच्या हिशोबानं निघणार होती आणि पाऊस त्यांच्या आधी येऊन बसला होता.

त्यात मुक्काम पडला होता क्षारपड रानात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी देऊन देऊन खालची पाणीपातळी वर येते आणि मीठ वर फुटतं. वाळवा, मिरज, पलूसकडं अशी कितीतरी रानं आहेत. कोरड्या दिवसात पांढरी पापडी धरतात, ओल्या दिवसात चिकट राब होतात. पिकाचं रान कुणी देत नाही, म्हणून असं पडीक आम्हाला फुकट मिळतं. चंद्री त्यात बारा दिवस उभी होती. रात्री पायबंद घालून, म्हणजे पुढचे दोन्ही पाय जवळ बांधून, जेणेकरून चरेल पण लांब जाणार नाही. मागचे पाय मोकळे, पण घोट्यापर्यंत रुतलेले.

मी मागचा पाय उचलला. खुराच्या वर, मागच्या बाजूला जो खळगा असतो, तिथं केस एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते. त्याखाली पिवळट खपल्या, खपल्यांच्या मध्ये आडव्या भेगा, भेगांतून पाणी. वास येत होता. हात लावला की पाय झटकत होती. सगळ्यात विचित्र म्हणजे तिथली कातडी निळसर होती.

"हे निळं काय?"

"मोरचूद," आप्पा म्हणाले.

शेजारच्या गावात द्राक्षबागा होत्या. बागायतदार बोर्डो मिश्रणासाठी मोरचुदाच्या पिशव्या आणतात, चुन्यात कालवून वेलींवर मारतात. बुरशी मरते. तर मग पायाची का नाही मरणार, असं आप्पांचं लॉजिक. त्याआधी आई रोज दोनदा कॅनॉलवर नेऊन पाय घासून धुवायची. मोरचुदानं भागलं नाही तेव्हा कुणीतरी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासायला सांगितलं. माश्या बसत नाहीत म्हणून. तेही झालं होतं. धुणं, जाळणं, लिंपणं, सगळं झालेलं.

आता माझी पाळी. मी शिकलेली. मी आप्पांवर चिडले, मोबाइल काढला आणि झाडाखाली जिथं रेंज येते तिथं उभी राहून शोधायला लागले. मराठीत जे सापडलं त्यात अर्धे व्हिडिओ हळद आणि कडुनिंबाचे होते. इंग्रजीत "मड फीव्हर" टाकल्यावर मात्र अख्खं जग उघडलं. इंग्लंडमधल्या घोड्यांचे पाय हुबेहूब चंद्रीसारखे. सगळीकडं पहिला उपाय एकच: घोड्याला तबेल्यात घ्या, कोरड्या गवतावर उभं करा. मी आमच्या पालाकडं बघितलं. पाल खालून ओलं होतं आणि आत माझी आज्जी बाजेवर पाय वर घेऊन बसली होती.

एका व्हिडिओत एक बाई खपल्या काढत होती. जीव खपलीखाली असतो, खपली काढली की तो उघडा पडतो, असं ती सांगत होती. खरंच आहे ते. पण तिनं आधी काय केलं हे मी पुढं ढकलून बघितलं होतं. भावानं चंद्रीचं तोंड धरलं आणि मी कोरड्या खपल्या नखानं आणि चिमट्यानं ओढल्या. रक्त आलं. तिनं एकदा असा पाय मारला की मी उसाच्या सरीत जाऊन पडले. मग बेटाडीन ओतलं, कापूस ठेवला, क्रेप बँडेज आवळलं आणि चिखल लागू नये म्हणून वरून पेंडीच्या पोत्याचं प्लॅस्टिक बांधलं. स्वतःवर खूश झाले. फोटोही काढला.

दोन दिवसांनी सोडलं तेव्हा आतली कातडी भिजवलेल्या पोह्यासारखी झाली होती. डावा पाय सुजून खुरापासून वरच्या सांध्यापर्यंत एकसारखा, खांबासारखा झाला होता. गरम लागत होता. चंद्रीनं तोबऱ्यातलं भिजवलेलं हरभऱ्याचं भुसकट तसंच ठेवलं होतं. आई काही बोलली नाही. तिनं फक्त ते प्लॅस्टिक उचलून बांधावर नेऊन ठेवलं.

मग मी १९६२ ला फोन लावला. जनावरांसाठीचा हा टोल फ्री नंबर आहे, फिरती पशुवैद्यकीय गाडी येते. तुमच्या घरी जनावर असेल तर आत्ता सेव्ह करा, मी थांबते. आम्हाला तो माहीत नव्हता असं नाही. पण ज्याचा पत्ता दर चार दिवसांनी बदलतो तो माणूस फोनवर काय सांगणार? मी लोकेशन पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, रस्त्यावर गाडी लावून चिखलातून चालत.

त्यांनी आधी घोडीकडं लांबूनच बघितलं. मग ती उभी होती ती जागा बघितली. मग मला विचारलं, "काय शिकतेस?"

"डी. फार्म."

"आणि खपली कोरडी ओढलीस?"

आप्पा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

डॉक्टरांनी कात्रीनं खळग्यातले केस अगदी बारीक कापले. कोमट पाण्यात क्लोरहेक्झिडिन पातळ करून ते भिजवलेलं फडकं पायाभोवती धरायला लावलं. दहा मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर ज्या खपल्या आपणहून सुटल्या तेवढ्याच त्यांनी घेतल्या. "जी येत नाही ती उद्या येईल. तुझी घाई तिच्या कातडीला कळत नाही." सुटलेल्या खपल्या जमिनीवर टाकू दिल्या नाहीत. कागदात घेऊन चुलीत घातल्या. मग स्वच्छ पाण्यानं धुऊन आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टिपून, फुंकर मारून म्हणावं इतका पाय कोरडा केला. मग पातळ थर मलमाचा. सिल्व्हर सल्फाडायझीन, भाजल्यावर माणसाला लावतात तीच पांढरी. बँडेज नाही. अँटिबायोटिकचं आणि सुजेचं इंजेक्शन दिलं. धनुर्वाताचं विचारलं. कधीच दिलेलं नव्हतं. तेही दिलं. धनुर्वात घोड्याइतका पटकन दुसऱ्या कुठल्या पाळीव जनावराला धरत नाही, असं ते म्हणाले. हे ऐकताना मला वेगळंच आठवत होतं. साप चावल्यावर आपल्याला जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तातूनच काढतात. हाफकिनचे त्यासाठीचे घोडे पिंपरीला आहेत. ते माझ्या पेपरात आलं होतं, मी पाचपैकी पाच मार्कांचं लिहिलं होतं.

त्यांनी बोलता बोलता जे सांगितलं आणि नंतर मी वाचून जे पक्कं केलं, ते असं. कातडी ही भिंत आहे. सतत ओली राहिली की भिंत मऊ पडते, रेतीनं खरचटते. मग जिवाणू आत शिरतात. बऱ्याचदा त्यात एक असतो डर्माटोफिलस काँगोलेन्सिस. हा कोरड्या खपलीत महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो. पाणी लागलं की त्याचे बीजाणू जागे होतात आणि अक्षरशः पोहायला लागतात. म्हणजे आई रोज दोनदा कॅनॉलवर नेऊन, प्रेमानं, त्यांना पाणी पाजत होती. मी प्लॅस्टिक बांधून त्यांना पावसाळा करून दिला होता. मोरचूद जिवाणूला जाळतो तसाच जखमेच्या कडेनं सरकत येणाऱ्या नव्या नाजूक कातडीलाही जाळतो. ऑइलनं ओल आत कोंडली जाते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच. हाड, स्नायूबंध आणि वर कातडी. तिथली जखम उगाच छेडली की भरायची सोडून नुसती लाल मांसाच्या फोडासारखी वर वाढत बसते.

आणि हाच जिवाणू मेंढरांच्या लोकरीतही खपल्या धरतो. हे ऐकून आप्पा पहिल्यांदा पुढं सरकले.

"आता काय करायचं?" आईनं विचारलं.

"मावशी, औषध मी दिलंय. पण खरं औषध कोरडी जागा आहे. तीन आठवडे ओझं नाही, चिखल नाही, पायाला पाणी नाही. रोज थोडं कोरड्यावर चालवा, नाहीतर सूज उतरणार नाही."

तीन आठवडे. आमच्याकडं एवढा वेळ कुणाच्याच आजाराला मिळत नाही. आज्जीच्या मोतीबिंदूला दोन वर्षं मिळालेला नाही.

त्या रात्री पालात बोलणं झालं. आप्पांना निघायचंच होतं आणि त्यांचं चूक नव्हतं. मेंढरं लंगडायला लागली होती. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गारठ्यानं पुणे, नगर, साताऱ्याकडची हजारो मेंढरं उघड्यावर मेली. आमची सतरा त्यात होती. तेव्हापासून सलग दोन दिवस पाऊस झाला की आप्पांना झोप येत नाही. गाव सहा-सात मुक्कामांवर. वर माणात कोरडं, मुरमाड, तिथं पाणी पायाखाली थांबत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या दहिवडीकडं पाचशेच्या आत-बाहेर. आमची जनावरं त्या पाचशेची आहेत.

एक वीटभट्टीवाला दोन दिवस घिरट्या घालत होता. लंगड्या घोडीचा भाव लावून गेला होता. भट्टी पावसात बंद असते, पण पुढच्या हंगामासाठी आत्ताच स्वस्तात घेऊन ठेवायची. आप्पा "नाही" म्हणाले नव्हते. "बघू" म्हणाले होते. आमच्या घरात "बघू" म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या शिक्षणालाही आधी "बघू" होतं.

मी बोलणार तेवढ्यात आई बोलली. चुलीतलं लाकूड मागं ओढत, आवाज न चढवता.

"छोटा हत्ती करा. त्यात बिऱ्हाड न्या, म्हातारीला न्या. म्या ऱ्हाते घोडीपाशी."

"कुठं ऱ्हातीयास? ह्या चिखलात?"

"बघते मी."

तिचं "बघते" वेगळं होतं. सकाळी ती एकटी गावात गेली आणि दुपारी एका गुऱ्हाळाची किल्ली घेऊन आली. ज्यांच्या रानात आम्ही दरवर्षी मेंढरं बसवतो त्या काकांचं गुऱ्हाळ. हंगाम संपलेला, म्हणून बंद. वर पत्रा, खाली उंचवटा, बाजूला चिपाडांचा ढीग, जो गुळाच्या चुलवाणाला जाळण म्हणून वाळवून ठेवतात. भाडं काय ठरलं? पुढच्या दिवाळीनंतर त्यांच्या रानात चार रात्री मेंढरं फुकट बसवायची. टेम्पोचे साडेचार हजार गेले. आप्पा मेंढरं घेऊन विट्याच्या दिशेनं निघाले, जाताना एकदाही मागं न बघता, आणि मी आईबरोबर राहिले.

आम्ही चिपाडं गुडघाभर पसरली. चंद्री त्यावर उभी राहिली, एकदा फुरफुरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आडवी पडून झोपलेली दिसली. घोडं उभ्यानंही डुलकी काढतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. आई म्हणाली, कृष्णाकाठाला आल्यापासून तिला असं झोपलेलं बघितलं नव्हतं.

पहिले चार दिवस काम होतं. नंतरचं काम म्हणजे काम न करणं, आणि ते फार अवघड गेलं. आईचा हात सारखा पाण्याकडं जायचा. पायाला चिखल लागला की तिला धुवायचाच असायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लागलेला चिखल वाळू द्या, मग ब्रशनं झाडा. कपडे धुवायच्या ब्रशनं आम्ही ते करायचो. सूज सहाव्या-सातव्या दिवशी उतरली. खपल्या सुटून खाली गुलाबी, कोरडी, भेगा मिटलेली कातडी दिसायला लागली. मागचे पाय मार्गी लागले.

पुढचे मात्र नाही. पुढच्या उजव्या पायावर पायबंदाची जखम होती, रुपयाएवढी. आम्ही तीही चिखलाचीच समजत होतो. मागचे पाय बरे होत असताना ती मात्र वाढत होती. ऊन पडलं, माश्या वाढल्या, तशी आणखी. आत पिवळे, कडक, कणीसारखे दाणे. फोटो पाठवल्यावर डॉक्टरांचा एका शब्दाचा रिप्लाय आला: बरसाती.

हा शब्द मजेशीर आहे. उत्तर हिंदुस्थानात घोडेवाले या जखमेला बरसाती म्हणायचे, कारण ती पावसाच्या दिवसात उमलते आणि थंडीत बसते. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या पलटणींचे घोडेडॉक्टर तिच्यापुढं हात टेकायचे. त्यांनी तोच शब्द वाकडातिकडा करून इंग्रजी पुस्तकात नेला. माशी आपल्याबरोबर घोड्याच्या पोटातल्या जंताच्या अळ्या वाहून आणते आणि उघड्या जखमेवर सोडते. अळी तिथं मरते, पण जखमेला भरू देत नाही. म्हणजे वरून मलम लावून उपयोग नाही, जंताचं औषध तोंडातून द्यायचं. आयव्हरमेक्टिन, वजनाच्या हिशोबानं. आमच्याकडं मेंढरांचं इंजेक्शन होतंच, भाऊ ते सगळ्यांना टोचतो. पण घोड्याला ते टोचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी पेस्ट दिली. आणि जखमेवर पहिल्यांदाच पट्टी बांधायला सांगितली, सैल, कापडाची, रोज बदलायची, फक्त माशी बसू नये एवढ्यासाठी. तर एकाच घोडीच्या मागच्या पायाला पट्टी विष होती आणि पुढच्या पायाला औषध. माझ्या अभ्यासक्रमात असं एका ओळीत कुठं येत नाही.

पायबंदाची दोरी मी हातात घेऊन बघितली. नायलॉनची, निळी. पूर्वी आज्जा अंबाडीची वळायचा, असं आई म्हणाली. ती जाड, लवकर झिजणारी. नायलॉन झिजत नाही. पाय झिजतो. आपण सहज म्हणतो ना, अमुक गोष्टीला पायबंद घातला पाहिजे, गुन्हेगारीला पायबंद, अफवांना पायबंद. पेपरात रोज असतो हा शब्द. मी तो ज्या पायाचा आहे त्या पायावरून हात फिरवत होते.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी जस्ताचं मलम लावत होते. बाळांना लंगोटाच्या जागी लाल झालं की लावतात ते. कोरड्या कातडीवर लावलं तर पाणी आत जात नाही. आई बाजूला चिपाडावर बसली होती.

"ते माणसाला चालतं का गं?"

मी तिच्या पायांकडं बघितलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, फुगलेल्या, करंगळीपाशी चिरलेल्या. दोन्ही पाय. चिखल्या.

"हे कधीपासून?"

"घोडीला झालं तवापासनंच की."

मी आल्यापासून रोज त्या जनावराच्या टाचेत टॉर्च मारून बघत होते. ती टॉर्च धरून शेजारी जे पाय उभे होते ते मला दिसले नव्हते. तिनंही सांगितलं नव्हतं, कारण चिखल्या ही काय सांगायची गोष्ट आहे! दर पावसाळ्यात होतात, दर दसऱ्याला जातात. मी तालुक्याला जाऊन तिच्यासाठी क्लोट्रिमॅझोलची ट्यूब आणली. नाव जरी तेच असलं तरी तिच्या बोटांत बुरशी होती आणि चंद्रीच्या टाचेत जिवाणू, त्यामुळं दोघींच्या ट्यूबा वेगळ्या. आई रोज संध्याकाळी दोन्ही घेऊन बसायची. आधी घोडीचं करायची. मी उलटा क्रम सुचवून बघितला, चालला नाही.

ते तीन आठवडे आईला कुठंही चालायचं नव्हतं. तिच्या लग्नानंतर असं कधी झालं नसावं. पहिले काही दिवस ती पहाटे चारला उठून बसायची आणि काय आवरायचं ते न कळून चिपाडं सारखी करायची. नंतर झोपायला लागली. एकदा तर सहा वाजता मी तिला उठवलं, तर म्हणाली, "चंद्री उठली का? मग मला कशाला उठवतीस?"

जूनच्या शेवटी माउलींची पालखी फलटण तालुक्यात आली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. आम्ही ते गुऱ्हाळात बसून माझ्या फोनवर लाइव्ह बघितलं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, एक स्वाराचा, एक माउलींचा. तो बेळगावकडून चालत आळंदीला जातो आणि पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत येतो. रिंगणात तो धावला आणि माणसं त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला झेपावली. आईनं स्क्रीनला हात लावून नमस्कार केला. मग व्हिडिओ गेला, बफरिंग सुरू झालं.

"एवढं चालून त्येच्या पायाला कोण बघत असंल?" ती म्हणाली.

"असतील की माणसं."

"आसत्याल," म्हणाली, आणि उठून चंद्रीच्या टाचेत हात घालून बघायला लागली. आता तिला टॉर्च लागत नाही. बाजरीच्या दाण्याएवढी खपलीही बोटाला लागते, डोळ्याला दिसायच्या आधी. मला ते अजून जमत नाही.

आषाढी झाल्यावर आम्ही निघालो. पाठीवर ओझं नाही, फक्त घडी केलेलं खोगीर आणि दोन पिशव्या. पलूस, विटा, मायणी. आई अनवाणीच चालत होती, चपला पिशवीत. विटा मागं पडल्यावर काळी माती संपून रस्त्याच्या कडेला मुरूम सुरू झाला आणि चंद्रीची चाल बदलली. मी तिची म्होरकी धरली होती. एका धाब्यापाशी कॉलेजच्या पोरांनी गाडी थांबवून सेल्फी मागितला. मी दिला. "तुमची आहे?" एकानं विचारलं. "आईची," मी म्हणाले.

गावात पोचलो तेव्हा आप्पांनी काही न बोलता चारही पाय एकेक करून उचलून बघितले. पुढच्या उजव्या पायावर जिथं बरसाती होती तिथं पांढरे केस उगवले होते. "आता तीन पांढरं झालं," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर बिऱ्हाड परत निघालं, तेव्हा मी चार दिवसांच्या सुट्टीवर होते. क्षारपड रान फुकट मिळत होतं, ते या वेळी आईनं नको म्हटलं. मुक्काम जरा लांब पडणार होता, त्यावरून आप्पांची कुरकुर सुरू होती. खोगीर आवळून झालं. कोकरं वर चढवली. आप्पा पिशव्या उपसत नायलॉनची निळी दोरी शोधत होते. ती आईनं पडवीत दोन खांबांना बांधली होती आणि तिच्यावर आज्जीचं लुगडं वाळत होतं.